एनबीए: सुपरस्टारसाठी शिट्टी वेगळी वाजते का?

डावखुरा

मंडळी, एनबीएवर (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) इथे धागे क्वचितच निघतात आणि निघाले की तिसऱ्या प्रतिसादात "जॉर्डन मोठा की लेब्रॉन" सुरू होतं. तो विषय इथे नको, आधीच हात जोडतो.

विषय आहे शिट्टीचा, म्हणजे रेफरीने दिलेल्या फाउलचा. २०२५ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये (पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेत) शे गिल्जस-अलेक्झांडर मिनेसोटात फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) घ्यायला उभा राहिला की प्रेक्षक "फ्री थ्रो मर्चंट" असा घोष करायचे. गडी त्या हंगामाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), सरासरी ३२.७ गुण, पुढे ओक्लाहोमाला अजिंक्यपद मिळवून दिलं. पण चर्चा कशाची, तर सामन्यामागे ८.८ फ्री थ्रो कसे काय मिळतात याची.

"सुपरस्टार कॉल", म्हणजे मोठ्या खेळाडूला झुकतं माप देणारी शिट्टी, असतो हे सगळे गृहीतच धरतात. समालोचक, माजी खेळाडू, कोच, सगळे. "तो अजून रुकी (पहिल्या हंगामातला) आहे, त्याला ही शिट्टी मिळायची नाही" हे वाक्य इतक्या सहज येतं की जणू नियमपुस्तकात तसं कलम आहे. माझा प्रश्न साधा आहे. खरंच मिळते का? आणि मिळत असेल तर खेळात नेमकी कुठे? "सगळं फिक्स असतं" एवढ्यावर थांबू नका, जरा खोलात जाऊ.

संशयात्मा

खोलात कशाला जायचं, वरूनच दिसतंय. २०२५-२६ पासून लागू झालेला टीव्ही करार अकरा वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. एवढे पैसे ओतणाऱ्यांना सुपरस्टार सहा फाउल होऊन बाकावर बसलेला चालेल? रेफरीला कोणी फोन करत नसेल, पण त्यालाही डोकं आहेच की.

आणि उदाहरणं हवीत तर दोन देतो, दोन्ही सगळ्यांना पाठ आहेत.

२००२, वेस्टर्न फायनलचा सहावा सामना, लेकर्स विरुद्ध सॅक्रामेंटो. एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना २७ फ्री थ्रो. सत्तावीस! सॅक्रामेंटोचे डिव्हाच आणि पोलार्ड, दोघेही सहा फाउल होऊन बाहेर. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचं कोपर सॅक्रामेंटोच्या माइक बिबीच्या नाकावर बसलं तेव्हा मात्र शिट्टीवाल्यांची नजर दुसरीकडे. लेकर्स १०६-१०२ ने जिंकले, सातवा सामनाही जिंकले आणि पुढे कपसुद्धा.

२००६ फायनल्स, पाचवा सामना, मायामी विरुद्ध डॅलस. ड्वेन वेडला एकट्याला २५ फ्री थ्रो, अख्ख्या डॅलस संघाला मिळून २५. ओव्हरटाइममध्ये १.९ सेकंद उरलेले असताना वेडला पुन्हा दोन आणि सामना १०१-१०० ने खलास. डॅलसचा मालक मार्क क्यूबन बोंबलला तर त्यालाच अडीच लाख डॉलर दंड.

यावर बोला.

आकडेमोड

@संशयात्मा, बोलतो. दोन्ही सामने मला पुन्हा बघायची इच्छा नाही, इतके चिडचिड करणारे आहेत. २००२ ची रेफरीगिरी भिकार होती, यावर वाद नाही. पण दोन सामन्यांवरून नियम निघत नाही. हजारो सामन्यांतून दोन वाईट सामने मी कुठल्याही सिद्धांताच्या बाजूने काढून दाखवेन.

मुळात "स्टारला फ्री थ्रो जास्त मिळतात" हा पुरावाच नाही. स्टारच्या हातात चेंडू जास्त वेळ असतो, तो बास्केटकडे जास्त वेळा घुसतो, त्याच्यावर दोन-दोन जण धावून जातात. गिल्जस-अलेक्झांडर ड्राइव्हच्या (अशा घुसण्याच्या) यादीत कित्येक हंगाम सगळ्यांत वर राहिलाय. फ्री थ्रो त्याला नाही तर काय कोपऱ्यात उभं राहून थ्री मारणाऱ्याला मिळणार?

आता उलट बाजू बघा. स्टेफ करी, २०१५-१६, एकमताने एमव्हीपी झालेला इतिहासातला पहिला खेळाडू, सरासरी ३०.१ गुण. फ्री थ्रो? सामन्यामागे ५.१. जेम्स हार्डन, २०१८-१९, सरासरी ३६.१ गुण, फ्री थ्रो ११. दोघेही त्या वर्षी लीगचे चेहरे, दोघांच्याही जर्सी धडाधड विकल्या जात होत्या. प्रसिद्धीवरच शिट्टी वाजत असती तर करीला दुप्पट मिळायला हवे होते. फरक खेळण्याच्या पद्धतीचा आहे. करीला स्क्रीनभोवती (वाट अडवून उभ्या सहकाऱ्याभोवती) धावताना जर्सीला धरून, कमरेला विळखा घालून अडवतात, पण तेव्हा चेंडू त्याच्याकडे नसतो आणि तिकडे फारसं कोणी बघत नाही.

नवशिकी

मी गेल्या हंगामापासूनच बघायला लागले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. टीव्हीवर बघताना मला प्रत्येक वेळी फाउलच दिसतो. सगळेच एकमेकांना ढकलत असतात. मग रेफरी ठरवतो कसं, की यातला हा फाउल आणि तो नाही?

आणि हो, ते तीन पावलं टाकून बास्केट करतात ते ट्रॅव्हल (चेंडू न टपवता जास्त पावलं टाकणं) नसतं का? का तेही स्टारसाठीच माफ?

शिट्टीवाला

@नवशिकी, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, उलट धाग्याचा गाभा तोच आहे. मी महाविद्यालयीन आणि क्लब पातळीवर सामने घेतो, एनबीएशी माझा संबंध फक्त टीव्हीचा. पण काम तेच, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी ट्रॅव्हल. चेंडू दोन्ही हातांत "गोळा" होतो त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल मोजत नाहीत, त्यानंतरची दोन मोजतात. २०१९ मध्ये एनबीएने नियमाची भाषा तशी स्पष्ट केली. म्हणून तुम्हाला तीन दिसतात. ही मुभा सगळ्यांनाच आहे. फक्त गोळा करण्याचा क्षण लांबवायची कला स्टारकडे असते.

आता फाउल. एनबीएमध्ये तीन रेफरी असतात. एक बेसलाइनवर बास्केटजवळ, त्याला लीड म्हणतात. दुसरा बाजूला, साधारण फ्री थ्रो रेषेच्या पातळीवर, तो स्लॉट. तिसरा मागे, मधल्या रेषेकडे, तो ट्रेल. समजा खेळाडू उजव्या बाजूने घुसला आणि बचाव करणारा त्याच्या डाव्या कुशीला चिकटून धावतोय. बचाव करणाऱ्याचा हात मनगटावर पडला की नुसता चेंडूवर, हे तिघांपैकी फार तर एकाला दिसतं. बाकी दोघांना पाठी दिसतात. त्या एकाकडेही अर्धा सेकंदच असतो, आणि त्याच्या नजरेसमोरून मध्येच एखादा सात फुटी सेंटर आडवा जातो.

म्हणून आम्हाला पहिला धडा देतात तो असा, की चेंडूकडे बघू नकोस, बचाव करणाऱ्याकडे बघ. त्याचे पाय कुठे आहेत, धड सरळ आहे की वाकलंय, हात वर आहेत की खाली आलेत. फाउल बहुतेक तिथेच ठरतो, संपर्काच्या आधी. टीव्हीवर तुम्ही चेंडूकडे बघता, म्हणून तुम्हाला सगळंच फाउल दिसतं.

आणि दुसरा धडा, आवाजावर शिट्टी मारू नकोस. चेंडूवर थाप पडली तरी फटका बसल्यासारखा आवाज येतो. खेळाडूंना हे माहीत असतं, म्हणून संपर्क होताच ते "ए!" करून ओरडतात, मान मागे झटकतात. ओरडण्याची वेळ अचूक साधणं ही शिकायची गोष्ट आहे, आणि मोठे खेळाडू ती शिकलेले असतात.

त्यामुळे @डावखुरा, तुमच्या प्रश्नाचं माझं अर्धं उत्तर असं. स्टारला मिळणाऱ्या जास्तीच्या शिट्ट्यांपैकी बऱ्याचशा त्याने कमावलेल्या असतात. उरलेल्या अर्ध्यावर नंतर येतो.

नव्वदीतला

शिट्टीवाले काका, "कमावलेल्या" हा शब्द जपून वापरा. १४ जून १९९८. फायनल्सचा सहावा सामना, शिकागो विरुद्ध युटा, युटा एका गुणाने पुढे. जॉर्डन उजवीकडे घुसतो, थांबतो, ब्रायन रसेल पुढे भेलकांडतो, आणि जॉर्डनचा डावा हात रसेलच्या कमरेवर असतो. चेंडू जाळीत, ५.२ सेकंद बाकी, ८७-८६. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध शॉट्सपैकी एक. आणि युटावाले पंचवीस वर्षांहून जास्त काळ एकच गोष्ट सांगतायत, की ढकललं, ढकललं, ढकललं.

मी जॉर्डनचा कट्टर भक्त. तरी प्रामाणिकपणे सांगतो, हीच चाल युटाच्या एखाद्या राखीव गार्डने केली असती तर ऑफेन्सिव्ह फाउल (हल्ला करणाऱ्याचाच फाउल) वाजायची शक्यता चांगलीच होती. (रसेलचा तोल त्याआधीच गेला होता हेही खरं. तो हात नसता तरी तो पडलाच असता.)

आणि त्याच सामन्यात आधी हॉवर्ड आयझलीचा थ्री (तीन गुणांचा शॉट) शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची ठरलेली वेळ, संपला म्हणून रद्द केला, रीप्लेमध्ये तो वेळेत सुटलेला दिसतो. उलट शिकागोच्या रॉन हार्परचा शॉट उशिरा सुटूनही मोजला. म्हणजे युटाचं दुखणं फक्त त्या हाताचं नाही. पण आयझली आणि हार्पर कोणाला आठवतात? लोकांना जॉर्डनचा हात तेवढा आठवतो.

आकडेमोड

@नव्वदीतला, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. शॉट क्लॉकच्या त्या दोन चुकांत पाच गुणांचा फरक होता आणि त्यांत सुपरस्टारचा संबंधच नव्हता. स्टारच्या बाबतीतली चूक लक्षात राहते, बाकीच्या वाहून जातात. सुपरस्टार कॉलवरच्या श्रद्धेत या आठवणीचा वाटा मोठा आहे.

चेंडूफळी

अवांतर: क्रिकेटवाल्यांना हे नवीन नाही. १९९९, ॲडलेड, मॅकग्राचा चेंडू उसळलाच नाही, सचिन खाली वाकला, चेंडू खांद्याला लागला आणि पंच डॅरिल हार्परने पायचीत दिलं. शून्यावर. त्या वेळी जगात सचिनहून मोठा स्टार कोण होता? मग कुठे गेली स्टारला मिळणारी वागणूक?

डावखुरा

@चेंडूफळी, धागा क्रिकेटकडे वळला तर परत येणार नाही, म्हणून तुमच्या मुद्द्याला एनबीएतलंच उदाहरण जोडतो. एप्रिल २००७, सॅन अँटोनियोचा टिम डंकन. बाकावर बसलेला असताना हसला म्हणून रेफरी जोई क्रॉफर्डने त्याला टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) देऊन बाहेर काढलं. डंकनसारखा शांत माणूस लीगमध्ये शोधून सापडला नसता, आणि तोवर त्याच्या नावावर दोन एमव्हीपी आणि तीन अजिंक्यपदं होती. म्हणजे स्टारपण कामी आलं नाही.

अर्थात नंतर लीगने क्रॉफर्डला त्या हंगामापुरतं निलंबित केलं. एखाद्या दहाव्या-बाराव्या खेळाडूला असं काढलं असतं तर रेफरी निलंबित झाला असता का, हा प्रश्न मला पडतो.

संशयात्मा

वा! म्हणजे माझाच मुद्दा. स्टारला हात लावला की रेफरीची नोकरी धोक्यात. हे बाकीच्या रेफरींनी बघितलं नसेल?

आणि टिम डोनाहीला सगळे सोयीस्करपणे विसरले का? एनबीएचा रेफरी, स्वतःच्या सामन्यांवर पैज लावणारा, २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये पंधरा महिन्यांची शिक्षा. २००२ च्या त्या सहाव्या सामन्याबद्दलचे आरोप त्यानेच केले होते.

आकडेमोड

डोनाहीला विसरलेलो नाही. पण त्याचं प्रकरण पैजांचं होतं, स्टारना सांभाळण्याचं नव्हे. २००२ बद्दल त्याने आरोप केले ते स्वतःची शिक्षा ठरायच्या तोंडावर, त्या सामन्यात तो रेफरी नव्हता, आणि बाकी रेफरी त्याच्या कटात असल्याचं तपासात पुढे आलं नाही. त्याच्या प्रकरणातला खरा रोचक भाग वेगळाच आहे. कोणत्या रेफरीचं कोणत्या खेळाडूशी किंवा कोचशी पटत नाही, यावरून आपण पैजा लावायचो असं त्याने सांगितलं. हे जर थोडंही खरं असेल तर रेफरींचा कल असतो आणि तो आतल्या माणसाला ओळखता येतो. पण तो ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा कल झाला, लीगचा आदेश नव्हे.

आणि पैशाचं गणित. लीग मोठ्या शहरांना आणि मोठ्या चेहऱ्यांना जिंकवत असती तर सॅन अँटोनियोने १९९९ ते २०१४ या काळात पाच अजिंक्यपदं कशी नेली? २००७ ची फायनल्स तर टीव्हीवर कोणी बघेना आणि समोर तेव्हाचा तरुण लेब्रॉन होता. ४-० ने हरला. २०२५ ची फायनल्स ओक्लाहोमा आणि इंडियाना. जाहिरातवाल्यांनी मनापासून मागितली असती अशी जोडी नाही ती.

संशयात्मा

आणि लेकर्स आणि बोस्टनची मिळून किती अजिंक्यपदं आहेत तेही सांगून टाका की. असो, चालू द्या.

आकडेमोड

सॅन अँटोनियोच्या उदाहरणाने तुमची चिडचिड झाली, कळतं मला. :)

संशोधनाबद्दल कोणी विचारायच्या आधीच लिहितो. रेफरींचा कल असतो हे अभ्यासांत दिसलेलं आहे, पण कसला ते बघा. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की रेफरी आपल्यापेक्षा वेगळ्या वंशाचे असतात तेव्हा खेळाडूवर किंचित जास्त फाउल वाजतात. फरक छोटा, पण होता. लीगने तेव्हा जोरदार नाकारलं. २००७ मध्ये याची बातमी वर्तमानपत्रांत खूप गाजली, आणि नंतरच्या माहितीवर त्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो फरक नाहीसा झालेला होता. म्हणजे कोणी ठरवून करत नव्हतं, आणि बोभाटा झाल्यावर तो कल आपोआप गळून पडला. प्राइस यांच्याच आणखी एका अभ्यासात घरचा संघ, सामन्यात मागे पडलेला संघ आणि मालिकेत मागे पडलेला संघ, या तिघांकडे शिट्टी थोडी झुकते असं आढळलं.

स्टारच्या बाबतीत असं मोजणं अवघड जातं. घरचा संघ कोणता हे कोर्टवरून कळतं. स्टारला मात्र फाउल जास्त मिळतात ते तो चांगला आहे म्हणून की स्टार आहे म्हणून, हे वेगळं करायचं कसं? चांगला असतो म्हणूनच तो स्टार असतो.

नवशिकी

पण मग लीग स्वतःच नियम का बदलत असते? हार्डनसाठी नियम बदलला असं ऐकलंय. म्हणजे त्यांनाही मान्य आहे ना, की काहीतरी जास्त होत होतं?

डावखुरा

@नवशिकी, बरोबर पकडलंत. २०२१-२२ च्या आधी लीगने सांगितलं, की शॉट घेताना अंग वाकडं करून बचाव करणाऱ्यावर जाऊन आदळणं, पाय विचित्र कोनात बाहेर काढणं, मोकळ्या हाताने त्याचा हात अडकवणं, पळता पळता एकदम मार्ग बदलून त्याच्या आडवं येणं, यावर यापुढे फाउल मिळणार नाही. नाव कोणाचंच घेतलं नाही, पण यादी वाचली की डोळ्यांसमोर हार्डन आणि ट्रे यंगच येतात. ट्रे यंगचे फ्री थ्रो सामन्यामागे ८.७ वरून ७.३ वर आले. गंमत म्हणजे त्याची गुणांची सरासरी २५.३ वरून २८.४ वर गेली. त्याला या कुबड्यांची गरजच नव्हती.

पुढे २०२३-२४ पासून फ्लॉपिंगला (धक्का लागल्याच्या नाटकाला) सामन्यातच टेक्निकल आणि समोरच्याला एक फ्री थ्रो. पण फ्लॉपिंग फक्त स्टार करतात असं नाही, त्यामुळे तो वेगळा धागा होईल.

नव्वदीतला

हार्डनवर राग काढणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं, तो नियम मोडत नव्हता. नियमातली फट त्याला सापडली होती. बचाव करणाऱ्याने चेंडू काढून घ्यायला हात पुढे केला की हा स्वतःचे दोन्ही हात त्या हाताखालून वर न्यायचा. बघणाऱ्याला वाटायचं शॉट घेताना हातावर मारलं. ही चाल तो एका संथ लयीत करायचा, रेफरीला सगळं नीट दिसेल अशी.

आता विल्ट चेंबरलेनचं उलट उदाहरण. १,०४५ नियमित सामने, कारकिर्दीत सरासरी ४५.८ मिनिटं मैदानावर, आणि एकदाही सहा फाउल होऊन बाहेर गेला नाही. एकदाही नाही! काही जण म्हणतात रेफरी त्याला जपायचे. काही जण म्हणतात पाच फाउल झाले की तो बचाव करणंच सोडायचा. मला वाटतं दोन्ही खरं असावं.

शिट्टीवाला

@नव्वदीतला, विल्टचं नाव काढलंत ते बरं झालं. मला उरलेलं अर्धं उत्तर तिथूनच द्यायचं आहे.

इथे सगळे फ्री थ्रो मोजतायत, म्हणजे स्टारच्या बाजूने वाजलेल्या शिट्ट्या. मला वाटतं स्टारला खरी सवलत मिळते ती त्याच्याविरुद्ध न वाजलेल्या शिट्टीत. आणि ती आकड्यांत येत नाही, कारण न वाजलेल्या शिट्टीची नोंद कुठेच होत नाही.

नेहमी घडणारा प्रसंग सांगतो. शॉट हुकला, रिबाउंडसाठी चार जण उडाले. हल्ला करणाऱ्याच्या पाठीत दोन जण एकदमच चढले. फाउल नक्की आहे, शिट्टी वाजली. आता रेफरीने टेबलाकडे जाऊन बोटांनी एकाचा नंबर दाखवायचा. कोणाचा? दोघांचाही चालतो, दोघांचंही समर्थन करता येतं. त्यातला एक स्टार असेल आणि त्याचे पाच झाले असतील, तर दुसऱ्याचा नंबर जातो. कोणी ठरवून करत नाही. तो क्षण तसा असतो. अख्खा सामना एका माणसाभोवती फिरतोय, आणि त्याला बाहेर काढणारी शिट्टी शंभर टक्के खात्रीची हवी असं आतून वाटतं. बाराव्या खेळाडूला बाहेर काढताना ऐंशी टक्के खात्री पुरते. यात डोळे सारखेच बघतात, खात्री किती हवी याचं माप तेवढं बदलतं.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. एनबीएचे रेफरी खेळाडूंच्या चाली फिल्मवर बघून येतात. हा डावीकडे घुसला की शेवटच्या पावलावर खांदा टाकतो, हा थांबून मागे सरकतो, हे त्यांना ठाऊक असतं. त्यामुळे स्टारवर फाउल होणार तिथे नजर आधीच पोचलेली असते. रुकी तीच चाल करतो तेव्हा रेफरी अजून ओळख करून घेत असतो, आणि अर्धा सेकंद निघून जातो. याला पक्षपात म्हणायचं की सवय, तुम्ही ठरवा. खेळाडूच्या दृष्टीने परिणाम एकच.

दांडग्या खेळाडूंच्या बाबतीत हेच उलटं होतं. शकील ओनीलला तीन जण लोंबकळत असायचे आणि तो त्यांच्यासकट डंक मारायचा. तो हलला नाही म्हणजे फटका लागला नाही असं वाटायचं. स्टार असूनही त्याला सगळ्या शिट्ट्या मिळाल्या असं मी म्हणणार नाही. तेच हलक्या अंगाचा गार्ड तेवढ्याच धक्क्याने तीन फूट उडतो आणि शिट्टी येते.

आकडेमोड

"खात्रीचं माप बदलतं" हे पटलं. आणि ते निदान एका ठिकाणी तपासता येतं. लीग २०१५ पासून शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल काढते, अटीतटीच्या सामन्यांचा. त्यात वाजलेली शिट्टी बरोबर की चूक एवढंच नसतं, न वाजलेलीही तपासतात. आणि चुकांमध्ये न वाजलेल्या शिट्ट्यांचाच भरणा जास्त असतो. म्हणजे रेफरी चुकतो तो बहुतेक वेळा गप्प राहून.

मर्यादा एवढीच की तो अहवाल शेवटच्या दोन मिनिटांचा. शिट्टीवाले सांगतात तो नंबरचा खेळ तिसऱ्या क्वार्टरमध्येच होऊन गेलेला असतो.

नवशिकी

पण शेवटच्या क्षणी गप्प राहणं नेहमी स्टारच्याच फायद्याचं असतं असं नाही ना? लेब्रॉन गुडघ्यांवर बसून जमिनीवर डोकं टेकवतो तो व्हिडिओ मी बघितलाय. बोस्टनचा. तेव्हा काय झालं होतं?

डावखुरा

जानेवारी २०२३. सामना बरोबरीत, शेवटची सेकंदं, लेब्रॉन ले-अपसाठी वर गेला आणि बोस्टनच्या टेटमचा हात त्याच्या हातावर बसला. शिट्टी नाही. ओव्हरटाइममध्ये बोस्टन १२५-१२१ ने जिंकलं. लेब्रॉनचा सहकारी पॅट्रिक बेव्हर्लीने तर कोर्टशेजारच्या छायाचित्रकाराचा कॅमेरा आणून रेफरीला फोटो दाखवायचा प्रयत्न केला आणि टेक्निकल ओढवून घेतला. बेव्हर्लीच तो. सामन्यानंतर मुख्य रेफरीने फाउल सुटल्याचं कबूल केलं, रेफरी संघटनेनेही जाहीर खेद व्यक्त केला.

लीगमधला सगळ्यात मोठा चेहरा, लेकर्सची जर्सी, समोर बोस्टन, देशभर प्रक्षेपण. संशयात्मा म्हणतात तसं असतं तर ही शिट्टी झोपेतसुद्धा वाजली असती.

संशयात्मा

बोस्टनही मोठाच संघ आहे आणि कोर्ट त्यांचं होतं. मघाशी आकडेमोड यांनीच लिहिलं, घरच्या संघाकडे शिट्टी झुकते म्हणून. एक कल दुसऱ्यावर भारी पडला, बास.

पण नंबर दाखवण्याचा मुद्दा मला पटला. फोन, पैसा, आदेश काही नको, नुसत्या बोटांवर काम भागतं. मी म्हणतो त्याहून हे वाईट आहे, कारण यात पकडायचं कोणाला?

नव्वदीतला

मग चॅलेंज आहे की. २०१९-२० पासून कोचला शिट्टीला आव्हान देता येतं. आता पहिलं यशस्वी झालं तर दुसरंही मिळतं. ९८ मध्ये असतं तर...

शिट्टीवाला

९८ मध्ये असतं तरी रसेलला उपयोग नव्हता. चॅलेंज वाजलेल्या फाउलला देता येतं, चेंडू कोणाकडून बाहेर गेला यावर देता येतं, गोलटेंडिंगवर (बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवण्यावर) देता येतं. शिट्टी वाजलीच नाही तर आव्हान कशाला देणार? २०२४-२५ पासून थोडी फट ठेवलीय. चेंडू बाहेर गेल्याच्या रिव्ह्यूमध्ये त्याच्या लगतचा सुटलेला फाउल दिसला तर तो देता येतो. पण लेब्रॉनचा बोस्टनमधला प्रसंग त्यात बसत नाही, जॉर्डनचा हातही बसत नाही.

सगळे न वाजलेले फाउल तपासायला खुले केले तर प्रत्येक पझेशनवर खेळ थांबेल. आत्ताच शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात.

नवशिकी

आणि नंबर चुकीच्या खेळाडूचा दाखवला तर? त्यावर चॅलेंज देता येतं का?

शिट्टीवाला

फाउल झालाच नाही असं म्हणून देता येतं, ते ज्याच्यावर वाजला त्याच्या बाजूने. पण "याचा नको, त्यांच्या स्टारचा धरा" म्हणून समोरच्या कोचला आव्हान देता येत नाही. त्याने फक्त हात पसरून ओरडायचं. फार ओरडला तर टेक्निकल.